निळ्या दोऱ्याची पिशवी

शनिवार, ता. ४

प्रिय ताई,

नमस्कार. भाऊजींना नमस्कार, पोरीला गालाचा पापा. मी बरी आहे. घरमालकीण बरी आहे. तिचं मांजर आम्हा दोघींपेक्षा बरं आहे, दिवसभर माझ्या खिडकीत लोळतं आणि मी कामावरून आले की 'ही कोण बाई' अशा नजरेनं बघतं. मोरीतला नळ एकदाचा दुरुस्त झाला. नळवाला तीनदा 'उद्या येतो' म्हणाला, चौथ्यांदा मी पाना विकत आणला आणि स्वतःच केला. थोडा गळतो अजून, पण माझ्या मर्जीनं गळतो.

तुझं पत्र मिळालं. चार वर्षांत पहिलं, आणि तेही चांगलं दोन पानी. पहिलं पान वाचताना वाटलं, बहिणीची आठवण झाली. दुसरं पान वाचल्यावर कळलं की सोमवारची आठवण झाली आहे. असू दे. निमित्त काही का असेना, तुझं अक्षर बघून बरं वाटलं. मी ते पत्र उशीखाली ठेवून झोपले, हेही सांगून टाकते, नाहीतर तुला वाटेल मी नुसती टोमणेच मारते.

तू लिहितेस, सोमवारच्या चौकशीत तू काही बोलू नकोस, तुझ्यावर काही येणार नाही एवढं ह्यांनी बघितलं आहे. भाऊजींनी बघितलं असेल. ते बोलले की करतात. पण चौकशी कशाची आहे, हे त्यांनी तुला सगळं सांगितलं असेल असं मला वाटत नाही. माणूस घरी गेल्यावर बायकोला थोडक्यातच सांगतो. म्हणून मी जरा लांबण लावते, तू वैतागू नकोस.

आमच्या लाँड्रीत दोन प्रकारचे कपडे येतात. रुग्णालयाच्या चादरी आणि हॉटेलची टेबलावरची कापडं. धुऊन पिळून झाले की ते इस्त्रीच्या रोलरवर येतात. रोलर म्हणजे आडवे, माणसाच्या कमरेएवढे जाड, तापलेले दांडके. अलीकडून दोघी ओली चादर आत सोडतात, पलीकडून दोघी कोरडी ओढून घड्या घालतात. माझ्या शेजारी चादर सोडायला जी असते तिला आम्ही चिमणी म्हणतो. उंची इतकी कमी की ती लाकडी खोक्यावर उभी राहून काम करते, आणि तोंड म्हणशील तर दिवसभर बंद होत नाही. लाँड्रीत येऊन तिला वर्ष झालं.

मागच्या महिन्यात अठरा तारखेला, बुधवारी, सकाळी साडेदहाला ती उभ्या उभ्या पेंगली. चादर आत गेली, चादरीबरोबर हात गेला. आता रोलरच्या पुढे एक आडवी पट्टी असते, हात तिला लागला की यंत्र जागच्या जागी थांबायला हवं. ती पट्टी दोन महिने बिघडलेली होती. खडखडते म्हणून दुरुस्तीवाल्यानं उशीच्या अभ्र्याची चिंधी फाडून तिला वर बांधून टाकलं होतं. सुपरवायझरनं वहीत दोनदा लिहून कळवलं होतं. यंत्र थांबलं नाही. पलीकडच्या बाईनं धावत जाऊन वीज बंद केली, तोवर उजव्या हाताची दोन बोटं गेल्यात जमा होती. वास कसला आला ते मी लिहीत नाही.

रुग्णालयात डॉक्टरनं विचारलं, काही औषध चालू आहे का. चिमणीनं सांगितलं, हो, मन ठिकाणावर राहायची गोळी घेते. खोटं बोलायचं तिला सुचलंच नाही बिचारीला. झालं, कंपनीला तेवढंच हवं होतं. आता म्हणणं असं आहे की बाईनं कुणाला न सांगता डोक्याच्या गोळ्या खाल्ल्या, यंत्रावर झोपली, चूक तिची. उपचार तिचे तिनं बघायचे आणि नोकरीही गेली. सोमवारी अकरा वाजता वरच्या सभागृहात हेच कायम व्हायचं आहे. त्याच्या जोडीला फळ्यावर नोटीस लागली आहे, पुढच्या महिन्यापासून असल्या गोळ्या घेणाऱ्या कुणालाही यंत्रावर ठेवणार नाहीत. नोटिशीखाली सही आहे. सही कुणाची ते तुला माहीत आहे, लग्नपत्रिकेवर ते नाव तुझ्या नावाशेजारी होतं.

आमच्या दालनात बावीस जणी आहेत. त्यातल्या सात जणी गोळ्या घेतात. सातवी मी. हे तुला माहीतच आहे, त्यावर आपण चार वर्षं बोललेलो नाही.

सात जणी का, असं तू विचारशील. वेड्या आहोत म्हणून नाही. कामाची पाळी दर आठवड्याला बदलते, शरीराला कळेनासं होतं की आता झोपायचं की उठायचं. वाफेत आठ तास उभं राहायचं. मग छातीत धडधडायला लागतं, घरी जाऊन पोराच्या अंगावर ओरडायला होतं, एक दिवस बस थांबते आणि उतरायला पाय उचलत नाहीत. माझं तसंच झालं होतं. बसच्या वाहकानं हाताला धरून उतरवलं. गोळी सुरू झाल्यावर सहा आठवड्यांनी मला पुन्हा हसू आलं, तेही कशावर, तर चिंचोळ्या बोळात अडकलेल्या एका लठ्ठ कुत्र्यावर. त्या गोळीला मी नावं ठेवणार नाही.

नावं ठेवते ती कशाला ते ऐक. वरच्या मजल्यावर, जिथे भाऊजी बसतात, तिथे दर बुधवारी समुपदेशक बाई येतात. काचेची खोली, मऊ खुर्ची, डोळे पुसायला कागदी रुमालांचं खोकं. एकेकाला पाऊण तास. कुणाला फारच झालं तर पगारी रजा, आणि त्या रजेला म्हणायचं विश्रांती. पडदे धुवून परत लावायला मी वर जाते म्हणून मला माहीत. आम्हाला ती खोली नाही, आम्ही कंत्राटावर. आम्ही जातो सरकारी दवाखान्यात. साडेसातला रांग. डॉक्टर मान वर करत नाही, झोप लागते का विचारतो, नाही म्हटलं की लिहितो. दोन मिनिटं. मी घड्याळ लावून बघितलं आहे. खिडकीतून कागदाची पुडी मिळते, दहा दिवसांची, पुडीवर नाव नाही, गाव नाही. दहा दिवस संपले की पुन्हा रांग, पुन्हा एक खाडा.

महिन्याला तीन खाडे कुणाला परवडतात? मग आमच्यात एक पद्धत पडली. सगळ्यांनी जायचं नाही. आळीपाळीनं एकीनं जायचं, जरा जास्त रडायचं, जरा जास्त गोळ्या आणायच्या आणि एका पत्र्याच्या डब्यात टाकायच्या. घडीवालीला हुकमी रडता येतं, ती एकदा वीस दिवसांच्या घेऊन आली, तेव्हा आम्ही तिला चहा पाजला. गोळ्या दोन प्रकारच्या, सकाळची आणि रात्रीची. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही गोल. घोटाळा नको म्हणून कुणीतरी दोन पिशव्या शिवल्या. लाँड्रीत कपड्यांना दोऱ्याची खूण असते, रुग्णालयाची लाल, हॉटेलची निळी. तीच रीत पिशव्यांना लावली. रुग्णालयाच्या चादरी झोपायच्या, म्हणून लाल दोऱ्याच्या पिशवीत रात्रीची गोळी. हॉटेलची टेबलं दिवसाची, म्हणून निळ्या दोऱ्याच्या पिशवीत सकाळची. अडीच वर्षं एक चूक झाली नाही.

सोळा तारखेला कंपनीनं खुणा बदलल्या. नवं मोठं हॉटेल मिळालं, त्यांना लाल दोराच हवा होता. रुग्णालय निळ्यावर गेलं. दोन दिवस आम्ही सगळ्या तोंडानं घोकत होतो, निळा रुग्णालयाचा, निळा रुग्णालयाचा. सतराला दुपारी पिशव्या रिकाम्या झाल्या होत्या, त्या पुन्हा भरल्या गेल्या. भरणाऱ्या हातांनी दिवसभर नवी खूण लावली होती. हातांनी निळ्या पिशवीत रात्रीची गोळी भरली.

बाकीच्या जणी आठवड्याच्या गोळ्या एकदम घरी नेतात. चिमणीची सासू सापडल्या की फेकून देते, म्हणून तिच्या डब्यातच असायच्या. बुधवारी सकाळी तिनं रोजच्यासारखी निळ्या पिशवीतून एक काढली आणि पाण्याबरोबर घेतली.

ताई, पिशव्या मी शिवल्या. मी भरल्या. वर पिशव्यांचं सांगताना 'कुणीतरी' आणि 'हातांनी' असं लिहिलं, ते आता खोडत नाही, तसंच राहू दे. सतरा दिवस मी हे कुणाला सांगितलेलं नाही. चिमणीला कंपनीनं चारदा विचारलं, गोळी दिली कुणी. ती, जिचं तोंड बंद होत नाही, ती गप्प बसली. मी गप्प राहिले तर ती जाईल आणि मी राहीन. तू मला जे करायला सांगतेस त्याचा अर्थ हा आहे.

तर मी बोलणार आहे. रागावून लिहीत नाही, कालच ठरलं आणि ठरल्यावर मला भूकसुद्धा लागली.

आता एक गोष्ट, जी मी लिहिणार नव्हते. चार वर्षांपूर्वी तुझ्याकडे आले होते, पोर माझ्या मांडीवर होती. माझ्या गोळ्यांचं कळलं तेव्हा भाऊजी म्हणाले, पोरीला हिच्याकडे एकटी सोडू नका. तू काही बोलली नाहीस, येऊन तिला उचलून घेतलंस. त्याआधी तासाभरापूर्वीच तू मला कपाटातून शाल काढायला पाठवलं होतंस. शालीच्या मागे तुझं औषधाचं खोकं होतं. त्यावर तुझं नाव छापलेलं, गोळीचं नाव, कधी घ्यायची, काय होऊ शकतं, सगळं नीट. तुझं नाव इतकं सुरेख छापलेलं मी तोवर फक्त पत्रिकेवर पाहिलं होतं. तू दोन वर्षं 'विश्रांती' घेतेस असं भाऊजी सांगायचे, ती कशाची ते तेव्हा कळलं. तू पोरीला उचललंस तेव्हा मला ते बोलता आलं असतं. मला इतकं लागलं होतं की तोंड उघडलं असतं तर काय काय निघालं असतं कोण जाणे, म्हणून चप्पल घातली आणि निघाले.

घाबरू नकोस. सोमवारी तुझं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. भाऊजींनी मला कामाला लावलं त्याच दिवशी सांगितलं होतं, फाटकाच्या आत आपली ओळख नाही. ते मी सहा वर्षं पाळलं, अजून एक दिवस पाळेन.

पोरीला सांग, मावशीला अजून शिट्टी वाजवता येते.

तुझी,
न ऐकणारी धाकटी


मंगळवार, ता. ७

प्रिय ताई,

नमस्कार चमत्कार शनिवारच्या पत्रातले धरून चाल, आज मला घाई आहे. तुला घरी अर्धं कळलं असेल, उरलेलं अर्धं माझ्याकडून घे.

सभागृहात लांब टेबल. मध्ये भाऊजी, एका बाजूला कंपनीचा वकील, दुसऱ्या बाजूला कंपनीचे म्हातारे डॉक्टर, ते बहुतेक वेळ चष्मा पुसत होते. चिमणी खुर्चीच्या कडेवर बसली होती, बांधलेला हात मांडीवर, दुसऱ्याचं मूल सांभाळायला दिल्यासारखा. वकिलानं कागद वाचला. मग भाऊजींनी विचारलं, कुणाला काही सांगायचंय. मी उठले. 

सगळं सांगितलं. दवाखाना, डबा, पिशव्या, दोरे, सोळा तारीख, सतरा तारीख. दोन्ही पिशव्या टेबलावर ठेवल्या. गोळी तिची नव्हती, माझी चूक होती, असं दोनदा म्हणाले, कारण पहिल्यांदा वकील खोकत होता. आणि म्हणाले, गोळीनं बाई पेंगली, ते माझ्यामुळे. पण पेंगलेल्या बाईचा हात वाचावा म्हणूनच ती पट्टी असते, आणि ती बिघडल्याचं दोनदा कळवलं होतं ते वहीत बघा.

वकिलानं भाऊजींच्या कानात काहीतरी सांगितलं. भाऊजींनी माझ्याकडे न बघता विचारलं, "तुम्ही स्वतः या गोळ्या घेता?"

मी म्हटलं, "हो. साडेचार वर्षं."

"मग तुमच्या बोलण्यावर आम्ही विश्वास का ठेवायचा?"

ताई, तुझ्या नवऱ्याला सहा वर्षांत पहिल्यांदा मी फाटकाच्या आत सरळ डोळ्यांत बघितलं. त्यांना कळलं. मी काय बोलू शकते ते त्यांना पुरतं कळलं, हातातलं पेन त्यांनी घट्ट धरलं. आणि खरं सांगते, ते वाक्य माझ्या जिभेवर होतं, चार वर्षं तयार होतं. त्यात तुझं नाव होतं. मी ते गिळलं. दुसरं वाक्य जे तोंडून गेलं ते मी ठरवलेलं नव्हतं.

मी म्हटलं, "साहेब, तुमच्या ओळखीतही गोळ्या घेऊन घर सांभाळणारी, गाडी चालवणारी, पोरं वाढवणारी माणसं असतील. त्यांच्यावर तुम्ही जेवढा ठेवता तेवढाच ठेवा."

 भाऊजींनी पेन खाली ठेवलं. वकील पुढचं विचारायला लागला तर ते म्हणाले, पुरे. मग म्हाताऱ्या डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, ती पट्टी बघू तरी. सगळे खाली उतरले. वाफेच्या दालनात सुटाबुटातली तीन माणसं आणि मागे आम्ही. ताई, चिंधी अजून बांधलेली होती. वीस दिवस झाले, एका बाईची बोटं गेली, आणि कुणाला ती सोडावीशी वाटली नव्हती. रोलर चालूच होता. भाऊजींनी स्वतः हात वर करून गाठ सोडली. त्यांना ती सुटेना, मला सोडावी लागली.

निकाल असा. चिमणीची नोकरी राहिली, उपचार कंपनीकडे, हात बरा झाला की तिला खुणा लावायच्या टेबलावर बसवून काम. नोटीस फळ्यावरून काढली, 'पुढील विचारासाठी' असं म्हणतात, पण काढली. सातही जणींना दवाखान्यासाठी महिन्यातून एकदा अर्धा दिवस सुट्टी, हे डॉक्टरांनी तिथल्या तिथे लिहून घेतलं, आणि पुडी महिन्याची मिळावी म्हणून दवाखान्याला चिठ्ठी दिली. डबा बंद. मला लेखी ताकीद, आणि रोलरवरून काढून मळके कपडे निवडायच्या खोलीत, कायमचं. पगार कमी, वास जास्त. नाक आठ दिवसांत सरावतं म्हणतात. मला ती शिक्षा जास्त वाटत नाही. चिमणीची दोन बोटं आता कधी वाकणार नाहीत, ते माझ्या हातून झालं, आणि ते कुठल्याही खोलीत बसलं तरी माझ्यापाशीच राहणार आहे.

बाहेर आल्यावर मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "मला त्याच दिवशी कळलं होतं तुमची चूक झाली ते. तुम्ही सांगता का, तेवढं बघत होते." आणि डाव्या हातानं माझी ओढणी नीट केली. मी जिन्यावर बसून रडले, हुकमी नव्हे, खरं.

आता तुझं. सुटल्यावर मी फाटकाबाहेर उभी होते तर भाऊजी गाडी सोडून चालत आले. फाटकाच्या बाहेर होते, म्हणजे ओळख असलेले. त्यांनी विचारलं, तिनं सांगितलं तुला? मी म्हटलं, नाही, मी पाहिलं होतं. त्यांनी किल्ली बोटाभोवती फिरवली. मग म्हणाले, ती आता दारातसुद्धा येत नाही ग, सहा महिने झाले. ती आजारी आहे हे मी कुणालाच सांगितलं नाही, आता कुणाला सांगू तेच कळत नाही. एवढं म्हणाले आणि पुन्हा साहेब झाले, गाडीत बसून गेले. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली, दोन्ही एकदम, अजून कुठलं जास्त ते ठरत नाही.

ताई, तुझा पाऊण तास देणारा डॉक्टर, तुझं नाव छापलेलं खोकं, सगळं असून तू एकटी कोंडून बसलीस. आणि आमच्याकडे यातलं काही नसून आम्ही सात जणी एका डब्याभोवती चहा पीत होतो. मला वाटायचं, तुझ्याकडे सगळं आहे. चार वर्षं त्याच रागात मी तुझी चौकशी केली नाही. ही माझी चूक, ही पण लिहून घे.

परवा, गुरुवारी, आम्ही सातही जणी मिळून दवाखान्यात जाणार आहोत. पहिल्यांदाच सगळ्या एकत्र, सुट्टी घेऊन, चोरून नाही. आणि तू आमच्याबरोबर यावंस असं मला वाटतं. उपकार म्हणून बोलवत नाही, काम आहे. आमच्यातल्या एकीलाही आपल्या गोळीचं नाव माहीत नाही. ती किती दिवस घ्यायची, कशाबरोबर घ्यायची नाही, एकदम बंद केली तर काय होतं, हे विचारायचं असतं हेच आम्हाला माहीत नव्हतं. तुझा डॉक्टर तुला हे सगळं समजावतो. तुला प्रश्न विचारता येतात. खिडकीशी उभं राहून एकेका पुडीचं नाव विचार, आम्ही पिशव्यांवर लिहून घेऊ, या वेळी दोऱ्यानं नाही, शाईनं.

तुला दारापर्यंत येणं किती जड जाईल ते मला ठाऊक आहे, जिचा पाय बसमधून उचलत नव्हता ती मीच. म्हणून सकाळी पावणेसातला तुझ्या दारात येते. पायऱ्या मोजत उतरू, वाटेत तीनदा थांबू, परत फिरावंसं वाटलं तर परत फिरू आणि पुढच्या महिन्यात पुन्हा निघू. पोचलो तर एवढं लक्षात ठेव, तिथे साहेबाची बायको म्हणून कुणी खुर्ची देणार नाही, आणि मीही तुझ्यासाठी पुढे जागा धरणार नाही. माझ्या मागे उभी राहा.

दार उघडं ठेव.

तुझीच,
गोळी घेणारी, पूर्ण शुद्धीवर असलेली,
धाकटी बहीण